१२ सप्टेंबर १८६६ : लॉर्ड विलिंग्डन यांचा जन्म

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर (१९१३-१८) लॉर्ड विलिंग्डन यांचा हा जन्मदिन. त्या काळी मुंबईतल्या युरोपियनांच्या क्लबांत हिंदी माणसाला, मग तो संस्थानिक असो वा बॅरिस्टर, सभासद होता येत नसे. विलिंग्डन यांनी ताडदेवला विलिंग्डन स्पोर्ट्‌स क्लब काढून त्याची दारे हिंदी आणि युरोपियन दोघांनाही खुली केली. हाजी अलीजवळचे त्याचे १८ होलचे गोल्फ मैदान आजही हिरवेगार आहे. पुढे व्हाइसरॉय झाल्यावर विलिंग्डन यांच्याच राजवटीने १९३२ मध्ये गांधीजींना तुरुंगात टाकले, हे विसरता येत नाही. तरीही क्लबच्या दारातला वर्णभेद मोडल्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.