आबांचा दगड, नानांचा दगड

गेल्या वर्षी शिरूरचं जुनं घर पाडलं, तेव्हा माळ्यावर आबांची धोकटी सापडली. नव्या पिढीसाठी सांगतो, धोकटी म्हणजे न्हाव्याची हत्यारांची पिशवी. आत वस्तरा, चामड्याचा पट्टा, पितळी वाटी आणि एक दगड. दगड तळहाताएवढा, हिरवट करडा, घासून घासून मधोमध खोलगट झालेला. आबा म्हणायचे, हा आपल्या घोडनदीतला. घरात कुणी कधी शंका घेतली नाही.

दुसरा दगड दौंडचा. आईच्या वडिलांचं, म्हणजे नानांचं, स्टेशनाजवळ दुकान होतं. त्यांचा दगड काळा, सरळ कडांचा, लांबट विटकरीसारखा. एक बाजू खरबरीत, दुसरी बारीक. नाना त्याला ‘कारबोरंडम’ म्हणत. हा कारखान्यात बनलेला.

आबांच्या वस्तऱ्याला गंज चढला होता आणि धारेला दोन ठिकाणी दाते पडले होते. मी ठरवलं की तो पुन्हा चालता करायचा आणि त्याने एकदा तरी अण्णांची, माझ्या वडिलांची, दाढी करायची. आता लावायचा कुठल्या दगडावर?

खरं सांगायचं तर मनातून निकाल आधीच लागला होता. नैसर्गिक ते आपलं, कारखान्यातलं ते परकं. जगभरातले वस्तऱ्याचे शौकीनही नैसर्गिक दगडांवर जीव टाकतात. बेल्जियममध्ये आर्देनच्या डोंगरात कोटिक्यूल नावाचा पिवळसर दगड मिळतो. त्यात गार्नेटचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते पोलाद हळुवार कापतात. अमेरिकेत अर्कान्सा राज्यात नोव्हाक्युलाइट मिळतो. त्याचं नावच लॅटिनमधल्या ‘नोव्हाक्युला’वरून, म्हणजे वस्तऱ्यावरून पडलंय. या मंडळींच्या शेजारी आमची घोडनदी मांडायची, असं माझं स्वप्न.

ते स्वप्न भूगोलाने मोडलं. शिरूर काय, दौंड काय, सगळं दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेलं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा हा बेसाल्ट. त्यात वायूच्या बुडबुड्यांची भोकं आणि लहानमोठे स्फटिक. कोयत्याला, कुऱ्हाडीला तो चालतो. वस्तऱ्याची धार मात्र केसाहून कितीतरी बारीक. अशा दगडावर ती सुधारण्याऐवजी तुटते. आबांचा दगड तर पाटीसारखा थराथरांचा होता. असा खडक लाव्हातून होत नाही. तो चिखलाच्या थरांवर लाखो वर्षं दाब पडून होतो. म्हणजे हा दगड घोडनदीने दिलेलाच नव्हता. कुणाच्या तरी हातांनी, लांबून, शिरूरला आलेला.

आता नानांच्या ‘परक्या’ दगडाकडे वळू. १८९१ साली अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात एडवर्ड अ‍ॅचेसन नावाचा संशोधक चिकणमाती आणि कोकचा भुगा एकत्र करून विजेने प्रचंड तापवत होता. भट्टी निवल्यावर त्याला चमकदार, काच कापणारे स्फटिक मिळाले. त्याला वाटलं, हे कार्बन आणि कोरंडमचं मिश्रण असणार. म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. अंदाज चुकला होता, कारण निघालं ते सिलिकॉन कार्बाइड. पण नाव तेच राहिलं.

हे ‘कोरंडम’ कुठून आलं? तमिळमधल्या ‘कुरुंदम’वरून. आपल्या मराठीत तोच कुरुंद. आपल्याकडे कुरुंदाची पूड लाखेत मिसळून धारेची चाकं बनवायची रीत जुनी. शिकलगार त्याच चाकांवर तलवारी लावत. म्हणजे पेन्सिल्व्हेनियातल्या भट्टीत जन्मलेल्या पोराचं नाव आपल्या दगडावरून ठेवलेलं, आणि आम्ही त्यालाच परका म्हणत होतो! पुढे १९४१मध्ये उरणजवळ मोऱ्याला ग्राइंडवेल आणि १९५४मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल सुरू झाली. धारेचा कृत्रिम माल इथेच बनू लागला.

मग दोन घरांत दोन दगड का? दगडाच्या गुणांपेक्षा याचं उत्तर मला पोटापाण्यात दिसतं. आबांचा व्यवहार बलुत्याचा. ठरलेली घरं, वर्षाच्या शेवटी धान्य. दाढी लवकर झाली म्हणून एक पायली जास्त मिळायची नाही. मऊ, सावकाश कापणारा दगड अशा कामाला पुरतो. शिवाय नैसर्गिक दगडावर नंबर छापलेला नसतो. कुठे पाणी जास्त लागतं, कुठल्या कोपऱ्यात धार अडते, हे बापाने मुलाला हात धरून शिकवायचं.

दौंडचं गणित निराळं. १८७८मध्ये मनमाडची लाइन सुरू झाली आणि दौंड जंक्शन झालं. नानांच्या काळात गाड्या इथे इंजिन बदलायला थांबायच्या. रेल्वेचे कामगार, ड्युटीवर निघालेले गार्ड, गाडीची वाट बघणारे प्रवासी. सगळे घाईतले, सगळे रोख देणारे. तिथे मऊ दगडावर अर्धा तास कोण घालवणार? काळ्या दगडावर थोडे हात, पट्ट्यावर थोडे हात, की पुढचं गिऱ्हाईक खुर्चीत.

हे सगळं मी आईला उत्साहाने सांगत होतो. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “दगडाचं एवढं कौतुक तुला. आबांना लोक ओसरीच्या खालीच बसवायचे, ते नाही लिहिणार?”

लिहितो. आणि अर्धंच लिहून चालणार नाही. आबा खाली बसायचे, हे खरं. पण गावकुसाबाहेरच्या माणसांच्या दाढीला त्यांचा वस्तरा लागत नव्हता, हेही खरं. तेव्हा गावोगाव तीच रीत होती आणि आबांनी ती मोडली नाही. नानांच्या दुकानात मात्र पैसे देईल तो खुर्चीत बसायचा. नाना काही सुधारक नव्हते. स्टेशनावर जात विचारत बसलं तर धंदा बुडाला असता, एवढंच. पण आई त्या दुकानात वाढली. तिला काळाच दगड आवडतो.

दोन्ही दगड निवृत्त झाले ते एकाच कारणाने. नव्वदच्या दशकात एड्सची धास्ती पसरली. गिऱ्हाईक नवी ब्लेड मागू लागलं आणि लावायचा वस्तरा जाऊन अर्धी ब्लेड खोचायचा वस्तरा आला. दाढी झाली की ब्लेड फेकायची. ते योग्यच होतं. एकाच धारेने दहा गाल करणं धोक्याचंच होतं.

गंमत बघा. शिरूर तालुक्यातच, घोडनदीच्या काठी, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी तिथे १९६८पासून उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सोळाव्या शतकाच्या आसपास वसलेल्या त्या गावात कॅल्सेडनीची, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या दगडाची, पाती सापडली. अशी पाती कुणी लावत बसत नाही. धार गेली की टाकायची आणि गाभ्यावरून दुसरी काढायची. घोडनदीचा धारेचा दगड पाहिजेच असेल, तर तो हा.

वस्तऱ्याचं सांगायचं राहिलं. आधी हट्टाने आबांचा दगड घेतला. दोन संध्याकाळी घासूनही दाते जसेच्या तसे. मग नानांचा काढला. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, अजिबात न दाबता, धार पुढे ठेवून हात फिरवत गेलो. वीस मिनिटांत दाते गेले. पण त्या धारेने स्वतःच्या गालावर हात फिरवला तर आग आग झाली. कार्बोरंडमच्या कणांनी पोलादावर खोल रेघा ओढल्या होत्या. त्या रेघा पुसायला पुन्हा आबांचाच दगड लागला, नुसत्या पाण्यावर. शेवटी पट्टा, तिथे मात्र पाठ पुढे आणि धार मागे.

रविवारी सकाळी अण्णांना खुर्चीत बसवलं. ते आयुष्यभर अर्ध्या ब्लेडने इतरांच्या दाढ्या करत आलेले. एक गाल झाल्यावर त्यांनी उलट्या हाताने चाचपून पाहिलं.

“दगड कुठला?”

“दोन्ही.”

“हं,” म्हणाले आणि दुसरा गाल पुढे केला. आतून आईचा आवाज आला, “आधी नानांचा, ते सांग त्यांना.”