१२. एमबफ
एमबफ : बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये (४.२ बीएसडी, १९८३) नेटवर्कवरील माहितीसाठी कर्नल वापरत असलेला मेमरीचा ठरावीक मापाचा तुकडा. आकार १२८ बाइट. पैकी ११२ प्रत्यक्ष माहितीसाठी. मोठ्या पॅकेटसाठी असे तुकडे साखळीने जोडतात. प्रोटोकॉलचा प्रत्येक थर आपला हेडर लावताना मूळ माहिती हलवत नाही. साखळीच्या तोंडाशी नवा तुकडा जोडला की पुरते. मोठ्या मजकुराची जागा एकाहून अधिक साखळ्यांना सामायिक वापरता येते, म्हणून तिच्या वापरकर्त्यांची मोजणी ठेवतात. पोच मिळेपर्यंत टीसीपीने राखलेला मजकूर आणि पाठवणीला निघालेला मजकूर त्यामुळे एकच असू शकतो. मोजणी शून्यावर आल्यावरच जागा मोकळी होते. नक्कल टाळण्यावर या रचनेत किती भर आहे, हे यावरून उमगावे. — संपा.