अत्यावश्यक सेवकांचे मानसिक आरोग्य (महासाथीतील)

टाळेबंदीतही कामावर जावे लागणाऱ्या परिचारिका, डॉक्टर, आशा सेविका, सफाई कामगार, पोलीस, बसचालक इत्यादींवर महासाथीत येणारा मानसिक ताण व त्याचे परिणाम. कोविड-१९ च्या साथीत (२०२० पासून) हा प्रश्न ठळक झाला. संसर्ग घरी नेण्याची धास्ती, पीपीई किटमधील लांब पाळ्या, डोळ्यांदेखतचे मृत्यू व शेजाऱ्यांचा बहिष्कार ही प्रमुख कारणे. निद्रानाश, चिंता, नैराश्य, आघातोत्तर ताण ही लक्षणे आढळतात. खाटा वा प्राणवायू अपुरा असताना आधी कोणाला वाचवायचे, अशा निर्णयांतून उरणाऱ्या अपराधभावास ‘नैतिक आघात’ म्हणतात. आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांमुळे भारतात एप्रिल २०२० मध्ये अध्यादेशाद्वारे १८९७ चा साथरोग कायदा कडक करण्यात आला. विश्रांती, संरक्षक साधने, वेळेवर वेतन व गोपनीय समुपदेशन हे मुख्य उपाय होत.