उच्च रक्तदाब आनुवंशिक असतो का? प्रयोगशाळेतील उंदरांवरून काय कळले?

आई-वडिलांना बीपी असेल तर मुलांना धोका वाढतो, पण त्यांना बीपी होणारच असे नाही. हे समजून घ्यायला उंदरांवरील दोन जुन्या प्रयोगांची मदत होते.

जपानचा प्रयोग
क्योतो येथील ओकामोतो व आओकी यांनी जास्त रक्तदाबाच्या उंदरांचीच पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली. १९६३ मध्ये त्यांनी या वाणाची माहिती प्रसिद्ध केली. या उंदरांचा रक्तदाब लहानपणी साधारण असतो. पुढे खास आहार न देताही तो वाढत जातो.

मिठाचा प्रयोग
अमेरिकेत लुईस डाल यांनी दोन वाण तयार केले. भरपूर मीठ खाऊ घातल्यावर एकाचा रक्तदाब खूप वाढला, दुसऱ्याचा फारसा नाही. मीठ कमी दिले तर पहिल्या वाणाचाही रक्तदाब तितका वाढत नव्हता. पुढे मूत्रपिंडांची अदलाबदल केल्यावर दिसले की रक्तदाब बराचसा मूत्रपिंडावर ठरतो. मीठ बाहेर टाकण्याचे काम तेच करते.

माणसांमध्ये काय होते?
बहुतेकांचे बीपी एका जनुकामुळे होत नाही. रक्तदाबाशी संबंधित हजाराहून अधिक जनुकीय जागा सापडल्या आहेत. प्रत्येकीचा परिणाम अगदी थोडा असतो. त्यात मीठ, वजन, दारू आणि बैठे काम यांची भर पडते. म्हणून नेहमीच्या बीपीसाठी जनुकीय तपासणीची गरज नसते. मात्र ३० वर्षांच्या आत बीपी खूप वाढले किंवा रक्तातील पोटॅशियम कमी आढळले, तर वेगळ्या कारणांचा शोध घ्यावा लागतो.

घरात बीपी असेल तर काय करावे?
• वयाच्या १८ वर्षांनंतर वर्षातून एकदा तरी बीपी मोजून घ्या. अंधेरी असो वा मुलुंड, महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यातही ते मोजता येते.
• दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्या, म्हणजे एक लहान चमचाही नाही. पापड, लोणचे, फरसाण, वडापावसोबतची चटणी यांतले मीठही मोजा. सैंधव हेही मीठच आहे.
• मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियमयुक्त ‘लो सोडियम’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.
• त्रास होत नाही म्हणून गोळ्या बंद करू नका. बीपी बहुधा लक्षणांशिवायच वाढते.

जनुके बदलता येत नाहीत. ताटातले मीठ मात्र आजपासून कमी करता येते.