स्वतंत्रपूरचा उंबरा

दिवाळीच्या आदल्या दिवशी एसटी स्टँडवर घटकाभर उभे राहावे, म्हणजे माणसाला घराची ओढ किती असते ते पाहावयास मिळते. पिशव्या, वळकट्या, कडेवरची पोरे. जो तो आपल्या उंबऱ्याकडे निघालेला. या गर्दीत एखादा असाही असतो, की ज्याच्या हाती तिकीट आहे, पण त्या तिकिटावरच्या गावात त्याची वाट पाहणारे कोणी नाही.

असा एक माणूस मी लहानपणी पाहिला. मी तेव्हा पाचवीत होतो. बांधाच्या भांडणात त्याच्या हातून भावकीतल्या एकाचे डोके फुटले होते आणि त्यापायी तो काही वर्षे तुरुंगात काढून आला होता. आला तो थेट आमच्या शाळेच्या ओसरीवर. घर भावांनी वाटून घेतलेले, बायको मुलांना घेऊन माहेरी गेलेली. चार रात्री तो ओसरीवर निजला. पाचव्या दिवशी गावच्या शहाण्या मंडळींनी ठरवले, की शाळेत लेकरे असतात, हे काही बरे नव्हे. त्या मंडळींत माझे वडीलही होते. निरोप सांगायला त्यांनी मलाच धाडले. मी सांगितला. तो म्हणाला, "बरं बाळ." घोंगडी झाडली आणि चालू लागला. वर्षभराने कळले, की बाजारात गल्ल्यावर हात मारताना सापडला आणि पुन्हा आत गेला. गाव म्हणाले, "बघा! आम्ही म्हणत नव्हतो?"

गावाच्या त्या "बघा"चे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी औंध संस्थानच्या इतिहासात सापडले.

औंध हे ७२ गावांचे चिमुकले संस्थान. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे आणि चित्रकलेचे वेडे म्हणून प्रसिद्ध. पण याच राजाने १९३९ च्या जानेवारीत आपली सत्ता आपल्या हाताने प्रजेच्या स्वाधीन केली. त्या राज्यघटनेच्या घडणीत महात्मा गांधी होते, राजपुत्र अप्पासाहेब पंत होते आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे एक विलक्षण गृहस्थही होते. जन्माने पोलंडचे ज्यू, शिक्षणाने इंजिनिअर, वेषाने खादीधारी. लोक त्यांना भारतानंद म्हणत. राजावर भरवसा ठेवणारी प्रजा पुष्कळ ठिकाणी असते. प्रजेवर भरवसा ठेवणारा राजा विरळा. तो भरवसा एकदा ठेवायचा ठरला, की तो कैद्याच्या कोठडीशी येऊन कसा थांबणार?

म्हणून त्याच सुमारास आटपाडीजवळच्या कोरड्या माळावर कैद्यांची एक वसाहत उभी राहिली. नाव ठेवले स्वतंत्रपूर. तुरुंगाचे नाव स्वतंत्रपूर! भोवती कोट नाही, गजांची कोठडी नाही. कैद्याने शेत कसावे आणि संध्याकाळी आपल्या बायकामुलांत येऊन भाकरी खावी, असा तिथला बंदोबस्त.

या प्रयोगावरून पुढे व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि ते त्याच मुलखातले. चित्रपट आपण सर्वांनी पाहिला आहे. सहा कैद्यांचे बारा हात, आणि त्यांच्यावर लागलेले जेलरचे दोन डोळे. पण मला वाटते, खऱ्या स्वतंत्रपुरातली मोठी गोष्ट जेलरच्या डोळ्यांपेक्षा वेगळीच आहे. तिथे कैद्यावर नजर असते ती त्याच्या बायकोची आणि शाळेतून येणाऱ्या पोरांची. शिक्षा संपली की तिथूनही निघावे लागते. पण निघताना तो एकटा नसतो. त्याचा संसार मोडलेला नसतो. इतरत्र सुटलेल्या माणसाने घर शोधायचे असते; इथे घर त्याच्याबरोबर चालू लागते.

औंध संस्थान १९४८ साली विलीन झाले. राजा गेला, गादी गेली. पण स्वतंत्रपूर राहिले. आज ते सांगली जिल्ह्यात आहे आणि सरकारच्या तुरुंग खात्याकडे आहे. मात्र तिथे वर्णी लागते ती मोजक्याच कैद्यांची. बाकीच्यांना फाटकाबाहेर रस्ता तेवढा मिळतो.

जी गत कैद्याची, तीच बऱ्या झालेल्या रोग्याची. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन मांडले, तेव्हा कुष्ठरोगावर औषधे येऊ लागली होती. रोगी बरा होई, पण गाव त्याला घेईना. तेव्हा औषधाबरोबर शेती, हातमाग आणि राहते घर द्यावे लागले. आणि समाज किती सावकाश शिकतो पाहा: कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यात होते, ते निघाले २०१९ साली! मनोरुग्णालयांचेही तसेच. घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने बऱ्या माणसाला तिथे डांबून ठेवू नये, सरकारने त्याच्या राहण्याची सोय करावी, असे २०१७ च्या कायद्याने सांगितले. कायदा झाला, हे चांगलेच. पण उंबऱ्याशी पायांवर पाणी घालायला कायदा येत नाही. तिथे माणूस लागतो.

कोणी म्हणेल, "मास्तर, कष्टाने जगणाऱ्या गरिबाला घर नाही, आणि गुन्हेगाराची काळजी कसली करता?" प्रश्न खोटा नाही. ज्याचे डोके फुटले, त्याच्या घरचे दुःखही मी विसरलो नाही. पण शिक्षा न्यायाधीशाने मोजून दिली होती आणि ती त्याने भोगली होती. पुढची शिक्षा आम्ही दिली, आणि तिला मुदत नव्हती. आम्ही ओसरी वाचवली. तिची किंमत बाजारातल्या कोण्या दुकानदाराने मोजली.

आज मी स्वतः शाळामास्तर आहे. सुटीत शाळेच्या किल्ल्या माझ्याकडेच असतात. यंदाही दिवाळीत कुलूप लावताना माझी नजर ओसरीवर जाईल. तिथे कोणी घोंगडी अंथरून बसलेला दिसला, तर निरोप घेऊन मी कुठल्या पोराला धाडणार नाही. स्वतः जाईन, त्याचे गाव विचारीन, आणि त्या रात्री तरी त्याला फराळाला घरी आणीन. पुढचे काय, ते मात्र आपल्याला सगळ्या गावाने मिळून ठरवावे लागेल. आणि ते तो यायच्या आधी ठरवायला हवे.