एटापल्ली परिसर आणि पूरक आहाराची वाटचाल

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा आपले एटापल्ली चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा १९८२ साली अस्तित्वात आला. आरंभी बालकाच्या पूरक आहाराचे दैनिक प्रमाण ३०० उष्मांक व ८ ते १० ग्रॅम प्रथिने असे होते. २००९ साली ते ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम झाले. गरोदर व स्तनदा मातांसाठी ६०० उष्मांक व १८ ते २० ग्रॅम ठरले.

प्रमाण वाढले, तरी घरी नेलेला शिधा अनेकदा साऱ्या कुटुंबात वाटला जाई. माल दुकानातून गेला म्हणजे तो अंगावर चढलाच असे नव्हे, हे आम्ही कापडव्यापारी जाणतो.

२०१५ साली राज्य शासनाने अनुसूचित क्षेत्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. भात, पोळी वा भाकरी, डाळ, भाजी, शेंगदाणा-गुळाचा लाडू, अंडे अथवा केळी असा एक वेळचा ताजा चौरस आहार मातेला अंगणवाडीतच मिळू लागला. २०१६ पासून सात महिने ते सहा वर्षांच्या बालकांनाही अंडी वा केळी मिळू लागली.

चाळीस वर्षांच्या वाटचालीचे सार एवढेच, की अन्नाचे माप पोत्यात नव्हे, मातेच्या मुखी पडलेल्या घासात मोजावे.