भायखळ्याचे घोडशर्यतीचे मैदान

भायखळ्याचे घोडशर्यतीचे मैदान : मुंबई बेटावरील घोडशर्यतींचे आद्य व आता सर्वथा लोप पावलेले क्रीडाक्षेत्र. आजच्या भायखळा–आग्रीपाडा परिसरात, बेलासिस रस्त्याच्या आसपास ते पसरलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून सुमारे १८७८ पर्यंत मुंबईच्या शर्यती येथेच भरत. पश्चिम भारतातील संघटित शर्यतींची परंपरा, तिचे नियम आणि तिचे चालक मंडळ यांची जडणघडण प्रथम याच भूमीवर झाली.

भूमी व आरंभ : किल्ल्याच्या तटबंदीबाहेरचा हा सखल मुलूख पूर्वी भरतीच्या पाण्याखाली जाई. १७८४ च्या सुमारास हॉर्नबीचा बांध पुरा होऊन समुद्राचे पाणी अडले, तेव्हा बेटाच्या मध्यभागी विस्तीर्ण, सपाट आणि दीर्घकाळ वस्तीविरहित राहिलेली जमीन उघडी पडली. १७९३ मध्ये, दुष्काळाने देशोधडीला लागून मुंबईत आलेल्या निराश्रितांना काम मिळावे या हेतूने बेलासिस रस्ता बांधण्यात आला व किल्ल्यातील गोऱ्या अधिकाऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना हा भाग सुगम झाला. घोड्याच्या दौडीस लागणारी मोकळी जमीन आणि शौकिनांना सोयीचे अंतर असा दुहेरी योग जुळून आल्यामुळे शर्यतींस येथे स्थैर्य लाभले. १८३३ मध्ये स्थापन झालेल्या भायखळा क्लबामुळे या परिसरास युरोपीय समाजाच्या करमणुकीचे केंद्र हे स्वरूप आले.

घोडे व आश्रयदाते : येथील शर्यतींत दीर्घकाळ प्राधान्य होते ते अरबी घोड्यांना. बसरा व इराणी आखातातील अन्य बंदरांतून गलबतांनी आलेले घोडे मुंबईच्या सौदागरांच्या तबेल्यांत उतरत. लष्कर, संस्थानिक व सरदार हे त्यांचे मोठे गिऱ्हाईक. या व्यापारात चपळ म्हणून नावाजलेले जनावर मैदानात उतरे व तेथील यशाने त्याची किंमत वाढे. त्यामुळे हे मैदान करमणुकीचे स्थान असतानाच अश्वव्यापाराची कसोटीही ठरले. इराणातून येऊन मुंबईत स्थायिक झालेले पहिले आगाखान हे शर्यतींचे प्रख्यात शौकीन होते. या सोहळ्याची शोभा धनिकांनी वाढविली खरी. तथापि पहाटे घोड्यास खरारा करणारे मोतद्दार, नालबंद आणि चाबूकस्वार यांच्या कौशल्यावाचून एकही शर्यत उभी राहिली नसती, ही गोष्ट इतिहासाने आदरपूर्वक नोंदवावयास हवी.

दख्खनी घोडा : भीमा व नीरा यांच्या खोऱ्यांत, म्हणजे पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) व सोलापूर या जिल्ह्यांच्या प्रदेशात पैदास होणारा भीमथडी घोडा हा मराठी घोडदळाचा कणा. शिलेदार व बारगीर ज्याच्या पाठीवर दूरदूरच्या मोहिमा करीत, त्या या बेताच्या उंचीच्या जनावराचा गुण अल्पकाळच्या वेगात नसून कदान्नावर तग धरून मजल मारण्याच्या चिवटपणात होता. आखलेल्या पल्ल्यावरील क्षणिक वेगालाच श्रेष्ठत्वाचे माप मानणाऱ्या नव्या क्रीडेत त्यास स्थान लाभणे दुरापास्तच होते. मराठी सत्तेच्या अस्तानंतर शिलेदारी मोडली, पैदाशीचा राजाश्रय सरला आणि हा घोडा मुख्यतः धनगरांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहणारा सोबती होऊन राहिला. देशी अश्वजातींत त्याची स्वतंत्र नोंद अगदी अलीकडे झाली.

ऱ्हास : १८५३ मध्ये बोरीबंदर–ठाणे लोहमार्ग भायखळ्यावरून गेला. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापडगिरणीचा उपक्रम हाती घेतला आणि १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या व्यापाराने मुंबईत अपार संपत्ती आली. गिरण्या, कारखाने व कामगारांची दाट वस्ती बेटाच्या मध्याकडे सरकू लागली, तसतशी मोकळ्या जमिनीची किंमत चढली. अखेरीस भायखळ्यातील शर्यती थांबल्या व १८८३ मध्ये पश्चिमेस महालक्ष्मी येथे नवे मैदान सिद्ध झाले. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधारणा विश्वस्त मंडळाने नागपाडा–आग्रीपाडा भागांत नव्या वसाहतींची आखणी केली आणि पूर्वीच्या मोकळ्या मुलखाचे रूप पार पालटले.

उत्तरकाल व महत्त्व : पुण्यात १८३० पासून शर्यती भरत आल्या असून, पावसाळी हंगाम पुण्यास व हिवाळी हंगाम मुंबईस ही वाटणी पुढे रूढ झाली. जुगारावर नियंत्रण ठेवण्यासाठी १९१२ मध्ये शर्यतीच्या मैदानांना सरकारी परवाना आवश्यक करणारा कायदा मुंबई इलाख्यात झाला. १९३५ मध्ये या शर्यती चालविणाऱ्या क्लबास ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. २०२४ मध्ये महालक्ष्मी मैदानाच्या सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी महानगरपालिकेकडे देण्याचे ठरले. भायखळ्याचा इतिहास या निर्णयाच्या संदर्भात विशेष मननीय ठरतो. तेथे मोकळी जमीन शर्यतीच्या निमित्ताने राखली गेली होती, सर्वांच्या हक्काची म्हणून नव्हे. त्यामुळे शर्यत उठताच ती राखण्याचे कारणही उरले नाही. शहरातील मोकळी भूमी एखाद्या वर्गाच्या शौकावर विसंबून न ठेवता लोकांच्या नावे राखली पाहिजे, हाच या लुप्त मैदानाचा चिरस्थायी बोध होय.